अवधान मागावे कसे?

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. आज्ञा करीत नाहीत, मागतात. आणि ते दिल्यास सुख लाभेल असा शब्दही देतात. आमच्या वर्गांत मात्र ‘लक्ष द्या’ हे दोन शब्द बहुधा दटावणीच्या सुरात उच्चारले जातात. जे द्यायचे असते ते हिसकावून कसे घेता येईल?

अकरावीच्या मुलांना आम्ही मराठी शिकवतो. मोबाईलने या मुलांचे चित्त विस्कटले आहे, ही तक्रार स्टाफरूममध्ये रोज ऐकू येते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. विल्यम जेम्स यांची शिक्षकांसाठी दिलेली व्याख्याने १८९९ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत त्यांनी सांगितले आहे की प्रयत्नाने दिलेले लक्ष काही क्षणच टिकते. ते निसटते आणि पुन्हा आणावे लागते. विषयात काही नवे दिसत राहिले, तरच ते रमते. तेव्हा मोबाईल नव्हता. म्हणजे लक्ष ढळणे हा या पिढीचा दोष मानता येणार नाही. ढळलेले लक्ष परत आणण्याची सवय लावणे, हे आमचे काम.

त्यासाठी आम्ही एक साधा प्रघात ठेवला आहे. एक कविता, चार मिनिटे मौन, आणि जिथे अडखळायला झाले त्या एकाच शब्दाखाली रेघ. मग दुसरे वाचन, पण नवा प्रश्न घेऊन: हे कोण कोणाशी बोलते आहे? पहिले काही दिवस खोकला, खुसखुस, खिडकीबाहेर नजरा. एकदा मात्र कधीही न बोलणाऱ्या एका मुलाने ‘आणि’खाली रेघ मारली आणि विचारले, “सर, इथे ‘पण’ का नाही?” त्या एका अव्ययावर अख्खा तास गेला. कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही.

यात अभ्यासक्रम मागे पडतो, हा आक्षेप रास्त आहे. परीक्षेपुरती उत्तरे गाईडमध्ये तयार मिळतातच. परंतु एका पानासोबत चार मिनिटे एकट्याने बसता न येणारा विद्यार्थी उद्या साहित्याचा पदवीधर होईल, कदाचित शिक्षकही होईल, आणि आयुष्यभर इतरांच्या मतांवर गुजराण करील. त्यापेक्षा दोन कविता कमी शिकवलेल्या बऱ्या, असे आम्हांस वाटते.