पूर्वपक्षाचें घर

१९६४ सालची गोष्ट. मी तेव्हां पुण्यास महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकत होतों. आमच्या घरीं लहानमोठीं धरून सतरा माणसें. आजोबा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. तरुणपणीं त्यांनीं गुरुगृहीं राहून मीमांसेचें अध्ययन केलें होतें. त्यामुळें घरांतल्या मुलांच्या भांडणाचा निवाडासुद्धां ते "विषय काय? संशय काय?" असें विचारल्यावांचून करीत नसत.

त्या वर्षीं एका वक्तृत्वस्पर्धेस "हिंदु धर्म आणि ख्रिस्ती धर्म" असा विषय होता. मीं आठ दिवस खपून सोळा पृष्ठांचें भाषण लिहिलें व त्यांत ख्रिस्ती धर्माचे यथेच्छ वाभाडे काढले. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तें मोठ्यानें वाचून दाखविलें. काकांनीं पाठ थोपटली. आत्याबाई म्हणाल्या, पोराची दृष्ट काढली पाहिजे. आजोबांनीं मात्र कांहीं न बोलतां कागद मागून घेतले. सकाळीं ते माझ्या हातीं परत आले तेव्हां शेवटच्या पृष्ठाच्या समासांत मोडींत दोनच शब्द लिहिलेले होते : "पूर्वपक्ष अपूर्ण."

मला राग आला. "आजोबा, मला त्यांचें खंडन करावयाचें आहे, मंडन नव्हे," मीं म्हटलें.

"ज्याला पाडावयाचें त्याला आधीं उभा तरी कर," ते शांतपणें म्हणाले. "तूं पाडलें आहेस तें बुजगावणें. बुजगावण्याशीं कुस्ती खेळून कोणी पहिलवान होत नाहीं."

मीमांसकांच्या प्रत्येक अधिकरणाला पांच अंगें असतात : विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगति. हें मीं लहानपणापासून ऐकत आलों होतों. परंतु तिसऱ्या अंगाला किती श्रम पडतात याची कल्पना मला नव्हती. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या चांगल्या रीतीनें मांडतां आलें, तरच सिद्धान्त सांगण्याचा अधिकार प्राप्त होतो, असें आजोबांचें मत. "आणि तें म्हणणें आपल्या पुस्तकांतून काढूं नकोस," त्यांनीं बजावलें. "त्यांच्या पुस्तकांतून काढ."

आमच्या घरापासून सायकलीनें अर्ध्या तासाच्या अंतरावर एक ख्रिस्ती धर्मविद्यालय होतें व त्याचें ग्रंथालय मोठें असल्याचें ऐकून होतों. तेथें जाण्याचा विचार निघतांच घरांत खळबळ उडाली. वडील गप्प राहिले, काका संतापले, आणि आजीनें डोळ्यांना पदर लावला. "नीळकंठशास्त्री गोऱ्यांचें काय झालें तें ठाऊक आहे ना?" एवढेंच ती म्हणाली.

तिची भीति अगदींच निराधार नव्हती. जॉन म्यूर नांवाच्या स्कॉटिश कारभाऱ्यानें १८३९ सालीं "मतपरीक्षा" हा ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता सांगणारा ग्रंथ चक्क संस्कृतांत लिहिला. आपल्या पंडितांनीं त्यास संस्कृतांतच उत्तरें दिलीं. त्यांत काशींतील नीळकंठशास्त्री गोरे हे एक. जन्म १८२५ चा. म्हणजे "शास्त्रतत्त्वविनिर्णय" हा खंडनग्रंथ लिहिला तेव्हां वय अवघें वीसच्या आसपास. पण खंडनासाठीं म्हणून ते प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचीत गेले, आणि १८४८ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें नेहेम्या गोरे या नांवानें त्यांनीं आपल्याच षड्दर्शनांचें खंडन करणारा "षड्दर्शनदर्पण" लिहिला. ब्राह्मण घरांत ही कथा कशी सांगितली जात असेल, हें वाचकांस सांगावयास नको.

आजोबांनीं आजीचें म्हणणें पूर्ण ऐकून घेतलें. मग ते म्हणाले, "गोरे गेले खरे. पण तो म्यूरही पुढें काय करीत बसला तें ठाऊक आहे का? आपले संस्कृत ग्रंथ धुंडाळून त्यानें पांच खंड काढले आणि एडिंबरोच्या विद्यापीठांत संस्कृतच्या अध्यापकपदासाठीं स्वतःचे पैसे दिले. पुस्तक कोणाला कोठें नेईल हें पुस्तकाच्या हातीं नसतें. आणि न वाचतां राहिलेला धर्म हा राखलेला धर्म नव्हे, तो नुसता झांकून ठेवलेला धर्म." त्या वाक्यानंतर घरांत कोणी बोललें नाहीं. परंतु काकांनीं माझ्याशीं पंधरा दिवस अबोला धरला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

आमच्या प्राचार्यांचें पत्र घेऊन मी त्या ग्रंथालयांत गेलों. ग्रंथपाल एक वयस्क, स्वच्छ मराठी बोलणारे ख्रिस्ती गृहस्थ होते. "कोणतें पुस्तक हवें?" असें त्यांनीं विचारतांच मीं तरुणपणाच्या धिटाईनें सांगून टाकलें, "ख्रिस्ती धर्मांतील दोष दाखविणारें." ते हंसले नाहींत कीं रागावले नाहींत. चष्मा पुसून म्हणाले, "तीं पुष्कळ आहेत, आणि बहुतेक आमच्याच लोकांनीं लिहिलेलीं आहेत. कोणत्या शतकापासून काढूं?"

माझ्या सोळा पृष्ठांपैकीं निम्मीं त्याच क्षणीं गळून पडलीं.

त्यानंतर चार महिने मी तेथें जात असें. लांब टेबलाभोंवतीं तेथील विद्यार्थी बसलेले असत. कोणी ग्रीक शब्दांचीं रूपें ओठांतल्या ओठांत घोकीत असे. आम्ही "रामः रामौ रामाः" घोकतों तशींच, तोच ताल आणि तीच परीक्षेची धास्ती. कोणी उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या हिब्रू ओळीवर बोट ठेवून अडखळत असे. पाद्री होऊं घातलेल्या मुलांविषयीं माझ्या मनांत जें चित्र होतें, तें पहिल्याच आठवड्यांत पुसलें गेलें. तीं आमच्यासारखींच मुलें होतीं. खानावळीच्या आमटीस नांवें ठेवणारीं आणि घरच्या पत्राची वाट पाहणारीं.

पुस्तकें दशांश पद्धतीनें लावलेलीं होतीं. या पद्धतींत धर्माचा वर्ग दोनशेंपासून सुरू होतो. बायबल २२०, आणि पुढें २८० च्या घरापर्यंत सर्व ख्रिस्ती धर्माचाच विस्तार. उरलेल्या जगाचे सारे धर्म २९० च्या दशकांत, आणि आपला हिंदु धर्म २९४ नंतरच्या दशांशचिन्हापलीकडे! वेद, उपनिषदें, गीता, सगळें त्या एका टिंबाच्या मागें. मीं हें घरीं मोठ्या तावातावानें सांगितलें. आजोबांनीं आपल्या पोथ्यांच्या कपाटाकडे बोट केलें आणि विचारलें, "यांत त्यांना किती जागा आहे?" एकही पोथी दाखवितां आली नाहीं. त्यांनीं टिंबापलीकडे कां होईना, जागा ठेवली होती.

ग्रंथांविषयीं किती सांगूं? तेराव्या शतकांतील थॉमस अक्वायनस यांचा "सुम्मा" मीं उघडला तो दोष शोधण्यासाठीं; आणि पाहतों तों प्रत्येक प्रश्नाच्या आरंभीं ग्रंथकाराच्या मताविरुद्धचे आक्षेपच क्रमानें मांडलेले! नंतर एक प्रतिकूल प्रमाण, नंतर ग्रंथकाराचें उत्तर, आणि शेवटीं एकेका आक्षेपाचें निरसन. "ईश्वर आहे काय?" या प्रश्नाचा आरंभसुद्धां "नाहीं असें दिसतें" अशाच धोरणानें केलेला. आजोबांना हें सांगितलें तेव्हां त्यांचे डोळे चमकले. "अरे, हा तर अधिकरणकार!" ते म्हणाले. तो प्रचंड ग्रंथ लेखकानें १२७३ सालीं अपुराच सोडून दिला, हेंही त्यांना सांगितलें. त्यावर त्यांनीं नुसती मान हालविली.

दुसऱ्या कपाटांत फादर स्टीफन्सचें "ख्रिस्तपुराण" होतें. १५७९ सालीं गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटानें सुमारें अकरा हजार मराठी ओव्या रचल्या व १६१६ सालीं तें पुराण रोमन लिपींत छापलें. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यांत काढलेली देवनागरी आवृत्ति मीं वाचली. ख्रिस्ताची कथा, पण स्वर्गाला शब्द "वैकुंठ"! आणि त्यापासून हातभर अंतरावर अ. का. प्रियोळकरांचें गोव्यांतील इन्क्विझिशनवरचें १९६१ सालचें पुस्तक उभें होतें. एका कपाटांत मराठीचें वैभव, आणि जवळच त्याच काळांतील, त्याच भूमीवरील धर्मच्छळाचा आरोप. तो लपविलेला नव्हता. त्याला क्रमांक होता, कार्ड होतें, आणि मागेल त्याला तें पुस्तक मिळत होतें. माझ्या भाषणांतील सर्वांत प्रखर मुद्दा मला त्यांच्याच ग्रंथालयांत, माझ्यापेक्षां दसपट पुराव्यासह सांपडला. त्या दिवसापासून मला त्या इमारतीविषयीं आदर वाटूं लागला.

मग एका रात्रीं आजोबांनीं फर्माविलें, "आज पूर्वपक्ष सांग. सिद्धान्त नको." मीं तासभर बोललों. शेवटीं मीं म्हटलें, "केलेल्या कर्माचें फळ भोगल्यावांचून सुटका नाहीं, असें आपण म्हणतों. मग ज्याच्या अंगीं भोगून निघण्याचेंही बळ नाहीं, त्या पतितानें काय करावें? ते म्हणतात, त्याची पात्रता नसतांना देव स्वतः होऊन त्याला उचलतो. यावर आपलें उत्तर काय?"

आजी दारांत येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावर भीति स्पष्ट दिसत होती. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आतां पूर्ण झाला. उत्तर उद्यां." माझ्या आठवणींत आजोबांनीं उत्तर पुढें ढकललेली ती एकच रात्र.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मला रामानुजांच्या अनुयायांतील जुना वाद सांगितला. माकडाचें पिल्लूं आईला स्वतः घट्ट धरतें. मांजराचें पिल्लूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते. वडकलै म्हणतात, जीव माकडाच्या पिल्लासारखा, त्यानें कांहीं तरी केलें पाहिजे. तेंकलै म्हणतात, मांजराच्या पिल्लासारखा, सर्व भार देवावर. "म्हणजे तुझा पूर्वपक्ष परका नाहीं," आजोबा म्हणाले. "तो सहा-सातशें वर्षें आपल्याच घरांत भांडतो आहे. तो तूं बाहेरून घेऊन आलास, म्हणून मला आंतला दिसला."

मी धांवत ग्रंथपालांकडे गेलों. माझें बोलणें पुरें होण्यापूर्वींच त्यांनीं रुडॉल्फ ओटो या जर्मन धर्मशास्त्रज्ञाचें १९३० सालचें एक पुस्तक माझ्यापुढें ठेवलें : भारतांतील कृपेचा धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना. ओटोनें साम्य मोकळेपणीं मान्य केलें होतें, आणि भेदही सांगितला होता : एकीकडे संसाराच्या बंधनांतून सुटका हें मध्यवर्ती, तर दुसरीकडे पवित्र ईश्वरापुढील अपराधाची क्षमा. तें पुस्तक मीं घरीं आणून तीन आठवडे रोज रात्रीं आजोबांना मराठींत सांगितलें. काका प्रथम ओसरीवरून ऐकत. शेवटच्या आठवड्यांत ते आंत येऊन बसले.

स्पर्धेंत माझें काय झालें? मला दहा मिनिटें होतीं. पूर्वपक्ष मांडण्यांत नऊ गेलीं, आणि सिद्धान्ताला हात घालतों तोंच घंटा झाली. पारितोषिक अर्थातच दुसऱ्यास मिळालें. मी हिंदु होतों तसाच राहिलों. आजीची भीति खरी ठरली नाहीं. परंतु आपला धर्म मीं त्यापूर्वीं वारशानें घेतला होता, तो त्या परक्या टेबलाशीं बसून समजून घेतला.

आतां मी ऐंशी ओलांडली आहे. आमच्या घरांत हल्लींही धर्मावर वाद होतात. परधर्माचें म्हणणें काय, तें नातवंडांना त्या धर्माच्या ग्रंथांतून कळत नाहीं. आपल्याच बाजूच्या कोणीतरी मोबाइलवर पाठविलेल्या चार ओळींतून कळतें. वाद करूं नका असें मी त्यांना सांगत नाहीं. ज्या घरांत मुलें धर्मावर वाद घालतात त्या घरांत धर्म जिवंत आहे. मी एवढेंच विचारतों : "हें त्यांच्या कोणत्या पुस्तकांत वाचलेंस?" उत्तर आलें नाहीं कीं ग्रंथालयाचा पत्ता देतों. मागच्या महिन्यांत धाकटी नात खरोखरच गेली. परत आली ती दोन पुस्तकें आणि एक असा प्रश्न घेऊन, ज्याचें उत्तर मला तत्काळ सुचलें नाहीं.

मीं तिला सांगितलें, "उत्तर उद्यां."