बसेल जंगल

झाड न तोडता त्याचं वजन करता येतं. त्याला काटा लागत नाही, शिंप्याकडे असते तशी एक टेप लागते. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाला टेप गुंडाळायची आणि घेर लिहून घ्यायचा. घेराला ३.१४ने भागलं की व्यास मिळतो. पुढचं काम समीकरणाचं. कुणीतरी कधीतरी त्या जातीची काही झाडं तोडून, फांद्यापानांसकट तोलून, वाळवून ते बसवलेलं असतं. त्यात व्यास टाकला की झाडाचं कोरडं वजन किलोत हातात येतं. हा झाला बायोमास. त्यातला साधारण ४७ टक्के भाग कार्बन धरतात, आणि त्याला ३.६७ने गुणलं की झाडाने हवेतून किती कार्बन डायऑक्साइड ओढून ठेवला तेही कळतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी काही महिने हेच केलं. जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, यावल-चोपड्याच्या डोक्यावर सातपुडा आहे. तिथे दोरीने चौकोन आखायचा आणि आतल्या प्रत्येक झाडाला टेप लावत फिरायचं. साग, धावडा, सलई, पळस आणि अंजन. अंजन हे खास खानदेशी उन्हाचं झाड. पान आपट्याच्या धाकट्या भावासारखं, दोन पाळ्यांचं आणि नाजूक. लाकूड मात्र इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्याच्या घेराचा आकडा लिहिताना मला उगाच अभिमान वाटायचा.

सोबत वाट दाखवायला जवळच्याच पाड्यावरचे एक काका असायचे. घरी पावरी बोलणारे, माझ्याशी जळगावकडची मराठी. एकदा चौकोनात फक्त नऊ झाडं निघाली. मी वही मिटत म्हटलं, इथे काही उरलं नाही. काकांनी गुडघ्याएवढ्या एका सागाच्या खुंटावर पाय ठेवला. बुडाशी बोटभर जाडीचे चार-पाच धुमारे होते, शेळ्यांनी शेंडे खुडलेले. ते म्हणाले, "याले मरेल नका समजू ताई. हा बसेल आहे."

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे 'मरेल' म्हणजे मेलेला आणि 'बसेल' म्हणजे बसलेला. पुण्या-मुंबईच्या कानाला दोन्ही शब्द भविष्यकाळाचे वाटतात, पण आम्ही झालेल्या गोष्टीबद्दल बोलत असतो. खुंटाच्या बाबतीत दोन्ही अर्थ चालून जातात.

त्या चौकोनात आम्ही मग खाली बघून मोजलं. जिवंत खुंट आणि मुळांवरून फुटलेली झुडपं मिळून पासष्टच्या वर भरली. छातीच्या उंचीपर्यंत त्यातलं एकही पोचलं नव्हतं, म्हणून बायोमासच्या तक्त्यात त्यांची किंमत शून्य.

काका सांगत होते ते वनशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. साग, पळस, टेंभुर्णी अशी आपल्या पानगळीच्या जंगलातली पुष्कळ झाडं तोडल्याने मरत नाहीत. बुंध्याच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात, ते जागे होतात. पळस आणि टेंभुर्णी तर पसरलेल्या मुळांवरूनही नवं झाड काढतात. नर्सरीत सागाची 'जडी' मिळते तीही याच स्वभावावर चालते. वर्षाचं रोप उपटून त्याचा शेंडा छाटतात, वीतभर मूळ आणि वर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खोड ठेवतात आणि तेवढंच लावतात. झाडाची ठेव मुळात असते हे त्यांना माहीत असतं. पिशवीतल्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात पाणी शोधत मरावं लागतं. खुंटाच्या धुमाऱ्याला वीस-तीस वर्षांचं मूळ आयतं मिळतं. त्याला कुणी खुडलं नाही तर तो पहिल्याच पावसाळ्यात माणसाएवढा होऊ शकतो.

थंड देशांत याच स्वभावावर पीक घेतात. स्वीडन आणि इंग्लंडमध्ये वाळुंज शेतासारखी लावतात, दर तीनेक वर्षांनी बुडापासून कापतात, लाकूड बॉयलरला जातं आणि वाळुंज पुन्हा फुटते. सातपुड्यातही कापणी चाललेलीच आहे, फरक इतकाच की तिथे फुटव्याला वाढायला तीन वर्षं मिळतात आणि इथे तीन महिने.

नायजर हा सहाराच्या काठचा देश. तिथे टोनी रिनाउडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषीतज्ज्ञ रोपं लावून लावून थकले होते. लावलेली बहुतेक मरत होती. १९८३मध्ये एकदा वाळूत चालवण्यासाठी गाडीच्या टायरमधली हवा कमी करायला ते उतरले आणि समोरच्या खुरट्या झुडपाच्या पानाकडे त्यांचं लक्ष गेलं. ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाचा खुंट फुटत होता. सगळ्या माळावर असेच खुंट होते. त्याला त्यांनी जमिनीखालचं जंगल म्हटलं. शेतकऱ्यांनी प्रत्येक खुंटावरचे मोजके धुमारे ठेवून बाकीचे छाटायला सुरुवात केली. पुढे नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत उभी राहिली आणि २०१८मध्ये रिनाउडोंना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे त्याच काळात आपण खड्डे मोजत होतो. महाराष्ट्रात २०१७ला ४ कोटी, २०१८ला १३ कोटी, २०१९ला ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. रोप लावणं वाईट नाही. जिथे माती वाहून गेली, मुळं खरोखर मेली, तिथे दुसरा इलाजही नाही. पण खड्डा खणण्याआधी बाजूला बसेल कोण आहे हे बघायचा रकाना कुठल्या फॉर्मवर मला दिसला नाही.

आणि तसा रकाना आला तरी अवघड प्रश्न पुढेच आहे. धुमारा दरवर्षी कापला का जातो?

उत्तर चुलीत आहे. माझ्या आईच्या चुलीला जंगल लागलं नाही, कारण आमच्याकडे कपाशी होती. वेचणी संपली की चिमट्याने पऱ्हाट्या उपटायच्या आणि घरामागे त्यांचा ढीग लावायचा. पाऊस लागेपर्यंत तो पुरायचा. ज्यांना शेत नव्हतं त्या बाया आईला विचारून दोन भारे न्यायच्या. ते संपले की डोंगराकडे बघायच्या. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांना तर पहिल्यापासून डोंगरच. बोटभर जाडीचा धुमारा कोयत्याच्या एका घावात येतो, लवकर वाळतो, डोक्यावर नीट बांधता येतो. मोळी बांधणारीसाठी ते सगळ्यात सोयीचं लाकूड आहे.

उज्ज्वला योजना २०१६मध्ये आली, सिलिंडर आले. पण पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून कित्येक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर. इकडे पऱ्हाट्याही हातातून चालल्या. गुलाबी बोंडअळीमुळे त्या शेताजवळ साठवू नका, असं कृषी विभाग सांगतो, आणि ते बरोबर आहे. शेतकरी आता यंत्राने त्यांचा भुगा करून मातीत मिसळतो, तेही बरोबर. उरलेल्यांना आता भाव आहे, कारण त्यांच्या कांड्या होतात आणि बॉयलरला जातात. २०२१मध्ये केंद्राने कोळशावरच्या वीजकेंद्रांना पिकांच्या काडीकचऱ्याच्या गोळ्या कोळशात मिसळण्याचं धोरण लावलं. कोळसा वाचेल, चांगलंच आहे. फक्त आईला विचारून फुकट दोन भारे नेणारी बाई या हिशेबात कुठेच नाही. तिची मोळी शेतातून सुटली की डोंगरावर जाणार आणि तिथे धुमाऱ्यावर कोयता पडणार. एकीकडे वाचवलेला कार्बन दुसरीकडे असा जळतो, आणि १.३७ मीटरच्या टेपला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून मला धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा महत्त्वाचं वाटतं. साक्री तालुक्यातला हा आदिवासी पाडा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोवतालचं जंगल बोडकं होतं आणि पाण्याचे हाल होते. शिकून गावातच राहिलेल्या चैत्राम पवारांनी आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ठरवली, मोडणाऱ्याला दंड लावला, राखणीला गावातलीच माणसं ठेवली. डोंगरावर चर खणले, बांध घातले. आज तिथे चारशेहून अधिक हेक्टर जंगल आहे. पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. पावसाळ्यात तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते आणि बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात.

ही गोष्ट झाडं लावण्याची म्हणून सांगितली जाते. मला ती आधी वाटाघाटीची दिसते. कुऱ्हाडबंदी म्हणजे कुणाच्या तरी चुलीवर बंदी. चराईबंदी म्हणजे कुणाच्या तरी शेळीवर. ती पोलिसी पद्धतीने लादता येते, पण मग रात्री तोड होते. गावाने बसून कुणी काय सोडायचं आणि त्याला बदल्यात काय मिळायचं हे ठरवलं तरच ती तीस वर्षं टिकते. मुळं आपलं काम न सांगता करतात, माणसांना मात्र एकमेकांशी बोलावं लागतं.

घाईही आहे. बसेल झाड कायम बसून राहत नाही. दरवर्षी फुटायचं आणि दरवर्षी छाटून घ्यायचं, यात मुळातली ठेव संपत जाते. धुमारे बारीक होतात, मग एखाद्या जूनमध्ये फुटतच नाहीत. त्यानंतर मात्र खड्डा खणण्यावाचून गत्यंतर नाही.

तुम्ही पावसाळ्यात चोपडा, शिरपूर किंवा साक्रीकडे आलात तर एक करा. एकाच बुडातून दोन-तीन खोडं निघालेला साग बऱ्याच ठिकाणी दिसेल. तो एकदा तोडला गेला होता आणि नंतर बरीच वर्षं कुणीतरी त्याला सोडून दिलं. कुणी सोडलं आणि ती वर्षं त्यांनी चूल कशावर पेटवली, हे जवळच्या पाड्यावर विचारा. सांगणारं माणूस अजून भेटतं.