शेणातली ताकद

आमच्या गावच्या मंडळाची बैठक अजूनही गिरगावातल्या चाळीतल्या खोलीत भरते. देवळाचं छप्पर, पाणंदीचं काम, शाळेचे पंखे, सगळ्याचे पैसे कुडाळजवळच्या वाडीला इथून जातात आणि बरेचसे निर्णयही इथेच होतात. घरोघरी बायोगॅस बांधायला मंडळानं हातभार लावावा का, ही चर्चा त्याच खोलीत झाली. चुलीच्या धुरानं बायकांचे डोळे जातात, सिलिंडर महाग पडतो, सरपण लांबून आणावं लागतं, हे सगळं बोलून झालं आणि ते खरंही होतं. संयंत्राच्या दुसऱ्या तोंडातून रोज जे बाहेर पडणार होतं, त्याबद्दल मात्र कोणी एक शब्द काढला नाही.

निवृत्त झाल्यापासून मी दिवाळीनंतर गावी जाते ती मृगापर्यंत तिथेच असते. त्यामुळे ही दुसरी बाजू मला रोज बघायला मिळाली. आमच्या भागात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं, डॉ. प्रसाद देवधरांच्या पुढाकारानं, बायोगॅसचं मोठं काम केलं आहे. आमच्या घरी आहे ते विटांच्या घुमटाचं, दीनबंधू पद्धतीचं, एक घनमीटरचं लहान संयंत्र. त्याला दिवसाला साधारण 25 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. कोकणातली गुरं लहान चणीची आणि दिवसभर रानात चरणारी. हाती येतं ते गोठ्यातलं रात्रीचं शेण. म्हणून मोठ्याच्या नादी न लागता लहानच बांधलं, हे बरं झालं. जाऊबाई सकाळी शेण कालवते, गवताच्या काड्या वेचून बाजूला काढते आणि काला आत सोडते. जेवढं आत जातं, जवळजवळ तेवढंच मागच्या बाजूनं बाहेर येतं. तीच स्लरी.

माझ्या दिरांचा तिच्यावर अजिबात विश्वास नव्हता. ‘वयनी, ताकद सगळी गॅसात गेली. आता ह्या पाण्यात काय रवला?’ असं ते म्हणायचे. गावात हे बऱ्याच जणांना वाटतं, आणि वाटणं साहजिक आहे. पण शेगडीवर जळतो तो मिथेन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. पिकाला लागणारं नत्र, स्फुरद, पालाश गॅसबरोबर जात नाही, ते जवळपास सगळं स्लरीत राहतं. शेणी थापून चुलीत घातल्या तर नत्र धुरातून निघून जातं. उघड्या गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, शेण टाकलं तर थोडं उन्हात उडतं आणि उरलेल्यातलं बरंच पहिल्या पावसात वाहून जातं. बंद घुमटात ते टिकतं, शिवाय त्यातल्या काही नत्राचं रूपांतर अमोनियाच्या स्वरूपात होतं, जे मुळांना लगेच घेता येतं.

दिरांना हे सांगून पटणारं नव्हतं. म्हणून विहिरीजवळ तांबड्या भाजीचे दोन वाफे केले. एकाला गायरीतलं खत, दुसऱ्याला पाणी घालून पातळ केलेली स्लरी. स्लरीच्या वाफ्यातली भाजी लवकर काढायला आली, पानं रुंद होती. पण दिरांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे: त्या वाफ्यात तण फार कमी उगवलं. गुरांच्या पोटातून आलेल्या गवताच्या बियांपैकी बऱ्याच घुमटात कुजून मरतात. बेणणीचं काम कमी झालं, हे जाऊबाईनंच त्यांना दाखवलं. स्लरीच्या खड्ड्याला फारसा वास नसतो, माश्याही गायरीपेक्षा कितीतरी कमी.

माडाचं मात्र एका वर्षात काही सांगता येत नाही. आज दिसणारी पोय माडाच्या पोटात खूप आधी धरलेली असते. खताचा खरा गुण कळायला दोन-तीन वर्षं जावी लागतात. आता आमच्या आळ्यांत हिवाळाभर ओली स्लरी पाटानं जाते आणि वर पातेरा, म्हणजे सुका पाला, पसरला जातो.

ओली, हे मी मुद्दाम म्हणते. पुष्कळ घरी स्लरी उन्हात वाळवतात आणि मग टोपल्यांनी शेतात नेतात, कारण सुकं खत वाहायला सोपं. पण तो अमोनिया वाळताना उडून जातो. घुमटानं सांभाळलेलं उन्हाला देऊन टाकायचं, याचं मला फार वाईट वाटतं. शेत लांब असेल तर दोन खड्डे करावेत, त्यांत पातेरा भरून त्यावर स्लरी सोडावी, वर सावली असावी. एक खड्डा भरला की दुसरा. पाला ओल शोषून घेतो आणि त्याचंही खत होतं. भर पावसात स्लरी शेतात ओतू नये. आमच्या जांभ्या मातीत ती टिकत नाही.

गॅसकडे आधी बघायची सवय जुनी आहे. याच मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, 1897 साली मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले होते, आणि इतिहासात नोंद राहिली ती दिव्यांची. आमच्या जिल्ह्यात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी उलट बाजूनं सुरुवात केली. त्यांना आधी सफाई आणि सोनखत हवं होतं. मला त्यांचा क्रम पटतो. गॅसमुळे एका घरचा स्वयंपाक होतो, ही थोडी गोष्ट नाही. पण मातीचं पोट स्लरीनंच भरतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. संयंत्राला मदत द्याल तेव्हा दोन खड्ड्यांना आणि त्यावरच्या पत्र्यांनाही पैसे द्या. आणि गणपतीला गावी गेलात की शेगडी पेटवून बघाच, पण घरामागचा खड्डाही बघा. तो पावसाच्या पाण्यानं भरला असेल, तर परत येण्याआधी त्यावर छप्पर घालून या.