मोबाईलनं पोरं बिघडली म्हणण्याआधी

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चार माणसं उभी राहिली की एक वाक्य हमखास कानावर येतं, 'मोबाईलनं पोरं बिघडली.' हळदीकुंकवाला जमलेल्या बायकाही हेच म्हणतात आणि शाळेच्या पालकसभेतही हेच ऐकू येतं. जातधर्माच्या पलीकडे आपलं सगळ्यांचं एकमत झालेला हा एक विषय असावा. 'द मिचेल्स व्हर्सेस द मशीन्स' या ॲनिमेशनपटाची गोष्ट वरवर ऐकली, तर तोही तेच सांगतो असं वाटेल. यंत्रं माणसांवर उलटतात आणि एक कुटुंब जग वाचवतं. पण सिनेमाचं म्हणणं वेगळं आहे.

हा सिनेमा कोरोनामुळे थिएटरऐवजी एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शक माइक रियांडा यांनी त्यात आपल्या घरचीच माणसं उतरवली आहेत. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या केटीला फिल्म बनवायचं वेड आहे. कॅलिफोर्नियात तिला प्रवेशही मिळालाय. बाप रिक हातानं कामं करणारा माणूस, कॉम्प्युटरशी त्याचं वाकडं. निघायच्या आदल्या रात्री केटी त्याला आपली फिल्म दाखवायला जाते, तर त्याला काळजी वेगळीच, यावर पोट भरेल का? ओढाताणीत लॅपटॉप फुटतो. सकाळी रिक तिचं विमानाचं तिकीट रद्द करतो आणि सगळ्या घराला गाडीत घालून स्वतःच तिला सोडायला निघतो. वाटेत रोबोट माणसांना पकडायला लागतात.

हे बंड का होतं, ते बघा. पॅल ही फोनमधली मदतनीस. तिला बनवणारा मार्क नवे रोबोट आणतो आणि भर कार्यक्रमात तिला जुनी ठरवून बाजूला फेकतो. पॅलला राग येतो तो याचा. केटीचं दुखणंही याच जातीचं आहे. आपण ज्याला आपलं मानतो, त्यानंच आपल्याला मोडीत काढलं, हे ते दुखणं. म्हणजे यंत्र उलटण्याची सुरुवातसुद्धा नात्यातूनच झाली.

मी हा सिनेमा आपाच्या घरी पाहिला. भाची बारावी झालीय आणि तिला ॲनिमेशन शिकायचंय. त्यासाठी पुण्याला हॉस्टेलवर राहावं लागेल. दुल्हेभाईंचं ग्रिल-शटरचं वर्कशॉप आहे. मुलगी फार्मसीला जावी असं त्यांचं म्हणणं. या विषयावरून बापलेकीत कित्येक दिवस अबोला होता. 'पोरीला इतक्या लांब कशाला?' विचारणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत. पण दुल्हेभाईंच्या काळजीला मी हसणार नाही. फी भरायची कुठून, पोर परक्या शहरात राहणार कशी, पुढे काम मिळेल का, हे प्रश्न खरे आहेत.

सिनेमाही रिकला हसण्यावारी नेत नाही. त्यानं तरुणपणी जंगलात स्वतःच्या हातानं लाकडी घर बांधलं होतं. तिथंच राहायचं हे त्याचं स्वप्न. मुलांसाठी त्यानं ते सोडलं. केटीला हे फार उशिरा, जुन्या व्हिडिओतून समजतं. दुल्हेभाईंनीही धाकट्या भावंडांसाठी नववीत शाळा सोडली. भाचीला ते माहीत आहे, पण त्यांना काय शिकायचं होतं, हे त्यांना कुणीच कधी विचारलं नाही.

सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा दुल्हेभाई पहिल्यांदा बोलले, "हे हातानं काढतात की मशीन काढते?" भाचीनं सांगितलं की आधी माणसं चित्रं काढतात, मग कॉम्प्युटरवर ती हलवतात आणि एका सेकंदाला २४ चित्रं लागतात. या सिनेमात तर ब्रशचे फटकारे दिसावेत म्हणून मुद्दाम मेहनत घेतलीय. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे वेल्डिंगसारखंच. मशीन आहे, पण हात बसावा लागतो."

रिक केटीची फिल्म नीट बघतो, तेव्हा त्याला तिच्यात आपणही दिसतो. मग कीबोर्डला घाबरणारा हाच बाप जीव खाऊन तिचा व्हिडिओ चालू करतो. त्यात घरचा कुत्रा मोंची आहे. हा कुत्रा, डुक्कर की पाव, हे रोबोटना ठरवता येत नाही आणि ते बंद पडतात. ज्या फिल्मवर पोट भरेल का म्हणून शंका घेतली, तीच घर वाचवते.

आपण मुलांच्या हातातला फोन काढून घेतो, पण त्यावर तू काय बनवतोस, असं किती जण विचारतो? मुलंही बापाच्या वर्कशॉपमध्ये तासभर बसून तो काय बनवतो ते बघत नाहीत. भाचीच्या प्रवेशाचं अजून ठरलेलं नाही, फीचं गणित जुळत नाही. पण परवा तिनं चार महिने खपून केलेली दीड मिनिटाची फिल्म दुल्हेभाईंनी दोनदा पाहिली आणि त्यातला दरवाजा उघडताना बिजागरी चुकीच्या बाजूला दिसते, असं सांगितलं. तिनं ती दुरुस्त केली.