पांढऱ्या खडीची वाट

माणसांना जसे स्वभाव असतात, तसेच वाटांनाही असतात. राजमार्गाला कुणाशी बोलायला सवड नसते. तो प्रवाशाला उचलतो आणि मुक्कामावर नेऊन सोडतो. मधली गावे त्याच्या लेखी केवळ नावाच्या पाट्या! पाणंदीचे तसे नाही. ती बांधाला वळसा घालते, ओढ्यापाशी घुटमळते, एखाद्या जुन्या वृक्षासाठी खुशाल वाकडी होते. घाईच्या माणसाला तिचा राग येतो. पण ज्याला पाहायचे आहे, ऐकायचे आहे, त्याला ती भरभरून देते. निवृत्त झाल्यानंतर एका शरद ऋतूत फ्रान्समधील अशाच काही वाटांवरून सायकलीने हिंडण्याचा योग मला आला.

फ्रान्सच्या पूर्वेकडे बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तेथील दिजाँ या शहरात माझा पुतण्या नोकरीनिमित्त राहतो. खडीच्या वाटांवरून सायकल चालविणे हा त्याचा आवडता छंद. त्यासाठी ‘ग्रॅव्हल सायकल’ नावाची एक निराळी सायकल मिळते. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणे मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले असते. टायर मात्र चांगले रुंद असतात. अरुंद टायर सुट्या खडीत रुततो किंवा घसरतो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, की तो खडीवर पसरून बसतो आणि दगडांचे धक्के स्वतःच सोसतो. पुतण्याने हे सारे मोठ्या अभिमानाने समजावून दिले. मी टेप मागवून टायर मोजला. तो भरला दीड इंच!

“अरे, ज्या काळ्या सायकलीवरून मी तीस वर्षे शाळेत गेलो, तिचे टायरही एवढेच रुंद होते!” मी म्हणालो.

“खरे आहे, काका,” तो हसून उत्तरला, “पण ती सायकल खांद्यावर घेऊन तुम्हाला टेकडी चढता आली नसती!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सायकलींसह आगगाडीने बोन या गावी उतरलो. द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेले हे जुने गाव तेथील रुग्णालयासाठी प्रसिद्ध आहे. गोरगरिबांच्या शुश्रूषेसाठी ते १४४३ साली स्थापन झाले. लाल, पिवळ्या, हिरव्या चकचकीत कौलांची नक्षी असलेले त्याचे छप्पर पाहिले, म्हणजे हे रुग्णालय की राजवाडा, असा संभ्रम पडतो. दानशूर लोकांनी या संस्थेला वेळोवेळी द्राक्षमळे अर्पण केले. त्या मळ्यांतील उत्पन्नाचा जाहीर लिलाव १८५९ पासून होत आला आहे. या द्राक्षांपासून तेथे मद्य करतात आणि त्याची ख्याती जगभर आहे. आपल्याला मात्र काम आहे ते मळ्यांतून जाणाऱ्या वाटेशी.

बोनपासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत मळ्यांमधून सायकलस्वारांसाठी सुमारे २२ किलोमीटरची वाट आखली आहे. पोमार, व्होलने, मर्सो अशी लहान लहान गावे ओलांडीत ती जाते. मुख्य वाटेला दोन्ही बाजूंनी मळेकऱ्यांच्या खडीच्या गाडीवाटा येऊन मिळतात. आपल्या नाशिककडे द्राक्षांचे वेल मांडवावर चढवितात. त्यांच्या सावलीतून माणूस ताठ मानेने चालू शकतो. येथील वेल मात्र कमरेएवढेच. त्यांच्या रांगा इतक्या जवळजवळ असतात, की त्यांमध्ये साधा ट्रॅक्टर शिरत नाही. म्हणून तेथील ट्रॅक्टर उंच पायांच्या बगळ्यासारखे असतात. वेलींची रांग ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाते आणि चाके दोन्ही बाजूंनी चालतात! असा एक उंच ट्रॅक्टर समोरून येताना दिसला, तेव्हा पुतण्या चटकन सायकलीवरून उतरून कडेला उभा राहिला. “काका, ही वाट आधी काम करणाऱ्यांची. आपण पाहुणे,” तो म्हणाला. ट्रॅक्टर चालविणाऱ्याने हात उंचावून आमचे आभार मानले.

मळ्यांच्या कडेने दगडावर दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती असतात. त्यांत चुना नाही, की सिमेंट नाही. या भिंती आणि वाटा मिळून येथील जमिनीचे असंख्य लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव असते. असे १,२४७ तुकडे मोजलेले आहेत आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. येथील माती पावलागणिक बदलते. एका वाटेच्या या अंगाची आणि त्या अंगाची द्राक्षेही चवीला निराळी, असे तेथील लोक सांगतात. ही पारख एका पिढीची नव्हे. १०९८ साली स्थापन झालेल्या सितो येथील मठाच्या साधूंनीही शतकानुशतके येथे मळे पिकविले आणि माती पारखली.

चाकाखाली करकरणारी ती खडी पांढुरकी होती. मी एक दगड उचलून पाहिला. त्यात शिंपल्याचा ठसा स्पष्ट दिसत होता. १५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातील जीवांच्या कवचांचा थरावर थर साचून हा चुनखडक झाला. समुद्राच्या तळावरून आपण सायकल चालवीत आहोत, या कल्पनेने माझे मन क्षणभर थरारून गेले.

दुपारी आम्ही मळे सोडून पश्चिमेच्या टेकडीवर चढू लागलो. चढ खडा होता. पण गिअरमुळे तो माझ्या वयाला झेपला. डोंगरवाटांवर सायकलीला गिअर हवेत, हे फ्रेंच लोकांना ज्यांनी आग्रहाने पटवून दिले, त्यांत पॉल द विवी हे प्रमुख होत. १८५३ ते १९३० हा त्यांचा काळ. त्या काळी गिअर म्हणजे दुबळ्यांचा आधार, असे पुष्कळांना वाटे. ‘टूर द फ्रान्स’ या विख्यात शर्यतीत तर साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकविणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. विवींचे म्हणणे असे, की सायकल मिरविण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी चालवावी. धापा टाकणाऱ्याला देखावा कसा दिसणार?

माथ्यावर अरण्य सुरू झाले. ओक वृक्षांची पाने पिवळी पडली होती. वाटेवर त्यांचा जाड गालिचा अंथरला होता. अशा वाटेवर सावधगिरी हवी, कारण पानांखालचा दगड दिसत नाही. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबू नये, शरीर थोडे मागे न्यावे आणि दृष्टी चाकावर न ठेवता चार हात पुढे ठेवावी. शरदात येथे शिकारीचा हंगाम असतो. म्हणून पुतण्याने मला भडक नारिंगी जाकीट घालायला लावले होते. वाटेच्या कडेला लाकडांचे ढीग व्यवस्थित रचून ठेवले होते. गावच्या मालकीच्या अरण्यातून प्रत्येक घराला सरपणाचा वाटा देण्याची चाल तेथे अनेक गावांत आजही टिकून आहे.

पुढे एका वळणावर चार-पाच माणसे कोयत्यांनी काटेरी झुडपे तोडताना दिसली. त्यांत सत्तरी ओलांडलेले एक वृद्ध गृहस्थ होते. रविवारच्या सुटीत हे कष्ट कशासाठी, असे मी पुतण्याकरवी विचारले. कोयता टेकवून ते म्हणाले, “महाशय, माझ्या लहानपणी आमच्या गावातून अरण्यात येणाऱ्या तीन वाटा होत्या. आज ही एकच उरली आहे.”

मग त्यांनी सारी हकिकत सांगितली. फ्रान्समधील अशा ग्रामीण वाटा गावाच्या मालकीच्या असतात आणि सर्व लोकांच्या वापरासाठी मोकळ्या असतात. परंतु लोकांनी वापर सोडला, तर रीतसर चौकशी करून ती वाट विकण्याची मुभा कायद्याने गावाला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्राच्या शेतीसाठी देशभर तुकडेजोड झाली. लहान शेते मोठी झाली. धान्य वाढले, कष्ट कमी झाले. पण कुंपणाच्या झाडांच्या रांगा आणि त्यांच्या आडोशाने जाणाऱ्या कितीतरी वाटा नांगराखाली गेल्या. कुणी त्या चोरल्या नाहीत. लोक मोटारीने जाऊ लागले, वाटांवर गवत माजले आणि एके दिवशी तेथे वाट होती हे सांगणारेही उरले नाहीत.

“कोयत्याने वाट मोकळी होते,” ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पण जिवंत राहते ती ये-जा करणाऱ्यांमुळे. आपण आलात, फार बरे झाले.”

त्यांच्या या शब्दांनी मी अंतर्मुख झालो. मी तेथे केवळ मौज म्हणून गेलो होतो. माझ्या सायकलीचे कुणाला काही देणे असेल, असे मनातही आले नव्हते. आमच्या गावची पाणंदही मला आठवली. दोन्ही बाजूंचे नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतात आणि बैलगाडीची वाट पाहता पाहता पाऊलवाट होते. कुणा एकाच्या मालकीची वस्तू जपायला मालक असतो. सर्वांच्या मालकीची वस्तू मात्र सर्वांनी वापरली तरच टिकते. विहीर उपसल्याने जिवंत राहते, ग्रंथालय वाचकांनी जिवंत राहते. तसेच वाटेचे आहे. तुमच्याही गावात अशी एखादी वाट असेल. शाळेला जाताना कधी तिनेही जाऊन पाहा.

आम्ही त्या मंडळींबरोबर अर्धा तास तोडलेल्या फांद्या बाजूला ओढल्या आणि त्यांचा निरोप घेतला. सूर्य कलला होता. उतार सुरू होण्यापूर्वी मी मागे वळून पाहिले. ओलसर पांढऱ्या खडीवर आमच्या चाकांच्या रेघा शेजारी शेजारी उमटल्या होत्या. त्या रात्रीच्या पावसाने पुसून गेल्या असतील. पण त्या दिवसापुरती तरी त्या वाटेच्या हजेरीपटावर दोघांची हजेरी लागली होती.