दाजी, आधी हवा काढा

सायकल माझी नव्हती. पुण्यातल्या एका मित्राने ती हौसेने घेतली, चार दिवस चालवली आणि गॅलरीत टांगून ठेवली. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, खाली वळलेलं. पण टायर चाळीस मिलिमीटर रुंद, खाचाखाचांचे, आणि आत ट्यूबच नाही. ट्यूबऐवजी टायरात एक पांढरं द्रावण ओततात. काटा घुसला की ते भोकात जाऊन सुकतं आणि भोक बुजतं म्हणे. मी मान डोलावली. डांबर संपतं तिथून पुढे चालवायची ही सायकल. अमेरिकेत कॅन्ससच्या टेकड्यांतून २००६ पासून अशा कच्च्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या रस्त्यांवर १९९७ पासून जुन्या सायकलींची फेरी निघते. हे वाचल्यावर मनात आलं, कच्चे रस्तेच हवेत तर इटलीला कशाला, माझी सासुरवाडी आहे की! बेल्ह्याजवळ. वर आण्याचं पठार, खाली कालवा आणि मधे कार जाणार नाही अशा हव्या तितक्या वाटा.

सासुरवाडीच्या अंगणात सायकल टपावरून उतरवली तेव्हा मेव्हण्याने पहिल्यांदा विचारलं, "दाजी, मडगार्ड कुठं पडलं?" स्टँड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही हे बघून झाल्यावर त्याने किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी तो बराच वेळ काही बोलला नाही. सासूबाई मात्र बोलल्या, "एवढ्यात मोटरसायकल आली असती की."

त्याच दिवशी दुपार कलल्यावर पिंपळगाव जोगे धरणाच्या डाव्या कालव्यावर गेलो. कालव्याच्या कडेने देखभालीसाठी कच्चा रस्ता असतो. त्यावर वर्दळ म्हणजे एखादा ट्रॅक्टर, मोटरसायकली आणि शेळ्या. पाणी आपसूक वाहायला हवं म्हणून कालव्याला उतार अगदी नावापुरता देतात, आणि टेकडी आडवी आली की तिच्या कडेकडेने त्याच उंचीवरून वळवून नेतात. त्यामुळे शेजारचा रस्ता वळणं घेतो खूप, पण चढत नाही. हे मला रात्री जेवताना कळलं. कालव्यावर मात्र मला धाप लागत होती, म्हणजे चढच असणार असं धरून मी गिअर बदलत होतो. या सायकलीला पुढे पायडलपाशी दोन दातेरी चकत्या आणि मागच्या चाकावर लहानापासून मोठ्यापर्यंत अकरा. पुढची लहान आणि मागची मोठी जुळवली की पाय हलका पडतो. मी पुढची मोठी आणि मागची लहान धरून बसलो होतो. शेळ्या राखणारी एक मुलगी काही वेळ माझ्या बरोबरीने चालली, आणि मग पुढे निघून गेली.

ऊन उतरलं तसा मेव्हणा मोटरसायकल घेऊन शोधत आला. दिवस मावळायच्या आत ऊस मागे टाकायचा, ही इकडची रीत. जुन्नर तालुक्यात बिबट्या उसात राहतो, मादी पिल्लंही उसातच घालते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. उसाजवळ वाकून किंवा उकिडवं बसून काम करताना जपा, असं वनखातं सांगतं. उभा माणूस तो सहसा टाळतो. वाकलेला माणूस त्याला आपल्या बेताच्या जनावराएवढा दिसतो. आणि मी खाली वळलेल्या हँडलला धरून, पाठ आडवी करून, उसाला खेटून चाललो होतो. त्या हँडलचा सगळा उपयोगच वारा चुकवायला अंग खाली घेण्याचा. कॅन्ससला ते ठीक असेल. "ताठ बसा दाजी, आन् मोबाइलवर गाणी लावा मोठ्यानं," मेव्हणा म्हणाला. घाईत बायकोने भरून ठेवलेल्या गणपतीच्या आरत्या लागल्या. भर हिवाळ्यात सुखकर्ता दुखहर्ता वाजवत जावई घरी आले, ही बातमी आमच्या आधी वस्तीवर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी आणे. मधला घाट म्हणजे कल्याण–नगर महामार्ग. ट्रकांच्या रांगेत नवशिक्याने शिरू नये, असं सगळ्यांचं एकमत पडलं. म्हणून गाड्या टाळायच्या माझ्या सफरीचा पहिला टप्पा पिकअपमध्ये, रिकाम्या बारदानावर बसून झाला. गुळुंचवाडीला मळगंगेच्या देवळापाशी थांबलो. तिथे ओढ्याने कातळ खालून पोखरून आरपार कमान केली आहे आणि वरचा दगड पुलासारखा तसाच राहिला आहे. मी खाली उतरून पाणी नेमकं कुठून शिरलं ते पाहत होतो, मेव्हणा वरून हॉर्न वाजवत होता.

आणे म्हटलं की आमच्याकडे रंगदास स्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी निघते. भाकरी घराघरांतून येते, आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते. मी गेलो तेव्हा यात्रा नव्हती, चहा होता. पठार पर्जन्यछायेतलं. पाण्याची रड जुनी, माती पातळ, आणि माती सरली की खाली मुरूम. आता ग्रॅव्हल म्हणजे खडी, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. गावाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं. डांबरापूर्वी अंथरलेली ताजी खडी दिसली आणि मी हर्षाने तिच्यात शिरलो. लिंबाएवढे दगड, सगळे सुटे. पुढचं चाक एकीकडे, मागचं दुसरीकडे, आणि मी खाली. रोलरवाल्याने इंजिन बंद करून विचारलं, "पाव्हणं, शेजारून वाट हाये ना?"

होती. पावसाने बसवलेली, बैलगाड्यांनी दाबलेली मुरमाची वाट, सरळ नळवण्याच्या खंडोबाच्या डोंगराकडे जाणारी. या सायकलीला हवा तो हाच रस्ता. तरी हात बधिर होत होते, दात वाजत होते. पिकअप घेऊन मागे आलेल्या मेव्हण्याने टायरवर अंगठा दाबला. "दाजी, आधी हवा काढा. आम्ही नांगरटीला ट्रॅक्टरच्या चाकातली हवा कमी करतो. चाक जरा बसलं की माती धरतं." व्हॉल्व्ह बारीक, वरची पितळी टोपी आधी फिरवून सैल करायची आणि मग दाबायची, त्यालाच ते जमलं. फुस्स करून हवा गेली. पुण्याहून येताना साठ पौंड होती, पस्तिसाच्या आसपास आणली, आणि तीच वाट एकदम मऊ झाली. लगेच एक बाभळीचा काटा टायरात गेला. रुईचं पान खुडल्यावर येतो तसा पांढरा चीक भोकातून बुडबुडत बाहेर आला. मी पंक्चरचं सामान शोधायला पिशवी उपसली. सामान सापडेपर्यंत भोक बुजलं होतं.

पुढचा रस्ता मला माहीत होता, असं मी समजत होतो, कारण माझ्याकडे गाव नकाशा होता. मोबाइलमधला नव्हे, भूमिअभिलेखाचा. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, सव्वाआठ फूट. सायकलवाल्यांनी परदेशी अ‍ॅपवर पैसे घालवण्यापेक्षा हा नकाशा बघावा, असं माझं अजूनही मत आहे. अडचण एवढीच की नकाशावरची दुहेरी रेष चालू राहिली आणि जमिनीवरची वाट कांद्यात संपली. रोपं नुकतीच लावलेली, वाफे भिजवलेले. मी नकाशा उलटा केला, सुलटा केला.

बांधावरचे एक आजोबा उठून आले. "मोजणीचं सायब का?" मी नाही म्हटलं. सायकल फिरवायला आलोय म्हटलं. ते त्यांना खरं वाटेना. हेल्मेट घातलेला माणूस हातात गाव नकाशा घेऊन शिवारात उगाच कशाला येईल? त्यांनी नकाशा घेतला, चष्मा काढला, कागद नाकाशी धरला आणि नखाने ती दुहेरी रेष कांद्यापर्यंत आणली. "ही बघा. ही आमची वाट. दोन पिढ्या ह्या कांदेवाल्यानं नांगरून खाल्ली." बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर महसूल अधिनियमाचं कलम एकशेत्रेचाळीस, जुना अडवलेला रस्ता मोकळा करून घ्यायचा असेल तर मामलेदार कोर्ट, अर्ज दोन्हीकडे तहसीलदारालाच, पण कागद वेगळे. मामलेदार कोर्टाचा तो कायदा १९०६ सालचा, आणि आजोबांना त्याचं पाचवं कलम तोंडपाठ. सरकारने २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी योजना काढली हेही त्यांना ठाऊक होतं. "रस्ता मोकळाच नाय तर खडी कुठं टाकायची?" मी इतका वेळ मोकळ्या वाटा शोधत होतो आणि त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून कोण कोणत्या कचेरीत किती खेटे घालतं याची मला गंधवार्ता नव्हती. त्यात मी "हा रस्ता दिसतो खरा" असं बोलून बसलो. "मग तारखेला या सांगायला," आजोबा म्हणाले.

मेव्हण्याने मधे पडून मला सोडवलं. "आजोबा, आमचे दाजी आहेत. पुण्याचे. त्यांना यातलं काही कळत नाही." आजोबांनी माझ्याकडे एकवार पाहिलं, ते त्यांना पटलं असावं. नकाशाची घडी मात्र त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली आणि मला वाट तोंडी सांगितली.

"ह्या बांधानं खाली जा. चिंच लागंल. चिंचंच्या उजव्या अंगानं गाडवाट हाय, डोंगर समोर ठेवायचा. मधी ओढा हाय, तिथं ही तुमची उचलून घ्या. आन् डांबर लागलं की समजायचं, चुकला."