मोडेन पण वाकणार नाही

ॲबलोनी पहिल्या भेटीत आवडावा असा नाही. पाठ खडबडीत, विटकरी, तिच्यावर समुद्रातल्या इतर जिवांची पुटं चढलेली. कडेला भोकांची रांग असते. हा प्राणी गोगलगायीच्या कुळातला. श्वासासाठी आत घेतलेलं पाणी तो या भोकांतून बाहेर सोडतो. शिंपला उलटा केला की मात्र नजर हलत नाही. हिरवा, निळा, जांभळा, मध्येच गुलाबी, आणि या सगळ्यांतून नागमोडी धावणाऱ्या काळपट रेषा.

हा रंग कुणी चढवलेला नाही. कॅल्शियम कार्बोनेटच्या, मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे रचलेले असतात, मध्ये प्रथिनाचा लेप. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो, परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, काही रंग उजळतात, काही मावळतात. म्हणून मान जरा कलती केली की हिरव्याचा निळा होतो.

हाच शिंपला कापून गिटारीवर जडवतात. तिच्या आवाजात ॲबलोनी काडीची भर घालत नाही. तरी त्याला नुसती सजावट म्हणायला मी तयार नाही. बनवणाऱ्याचा हात किती बसला आहे, हे त्याच्याइतकं रोखठोक दुसरं काहीच सांगत नाही.

कापायला घ्या, म्हणजे स्वभाव कळतो. मधोमध खाच असलेली फळी टेबलाच्या कडेला आवळायची, शिंपल्याची जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची चकती तिच्यावर दाबून धरायची आणि सोनाराच्या करवतीचं केसासारखं पातं वरखाली चालवायचं. पात्याचे दात खाली रोखलेले, म्हणजे कापताना चकती फळीवरच दाबली जाते. घाई केली की पातं तुटतं. पातं वाचलं तर शिंपला तुटतो. कापताना समुद्राचा वास सुटतो. भुकटी फुप्फुसांना घातक, त्यामुळे तोंडावर मास्क हवाच.

खरी परीक्षा किनारीची. गिटारीच्या कडेने शिंपल्याची रेघ फिरवायची, तर कडेच्या पट्ट्या चिकटवतानाच मध्ये टेफ्लॉनची पट्टी ठेवतात. टेफ्लॉनला गोंद धरत नाही. बाकीचं सुकलं की ती अलगद ओढून काढायची. मागे उरलेल्या अरुंद चरीत ॲबलोनीचे तुकडे एकापुढे एक बसवायचे. शिंपला मुळात वाकडा, त्यामुळे त्यातून लांब सपाट पट्टी निघतच नाही. आणि गिटारीच्या कंबरेशी चर वळते. तिथे हा गडी वाकत नाही. सरळ तुकडा चरीवर ठेवून अंगठ्याने दाबला की बारीक आवाज होऊन तो तडकतो, पुन्हा दाबला की पुन्हा, आणि असा तडकत तडकतच वळणात बसतो. वरून पाण्यासारखा पातळ सुपरग्लू सोडला की तो भेगांमध्ये आपोआप ओढला जातो. घासून सपाट केल्यावर भेग शोधून सापडत नाही, कारण अंगच्या काळ्या रेषांत ती मिसळून जाते. मोत्याच्या पांढऱ्या शिंपल्याला हे साधत नाही; त्याच्यावरचा तडा उघडा पडतो.

ॲबलोनीला खरा मान दिला तो पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या मार्टिन कंपनीने. १९३३ मध्ये जीन ऑट्री या गायकाने तिच्याकडे मोठ्या अंगाची एक गिटार मागितली. त्याचा आदर्श होता गायक जिमी रॉजर्स, आणि रॉजर्सच्या मार्टिनवर त्याचं नाव शिंपल्यात जडवलेलं होतं. ऑट्रीलाही तसंच हवं होतं. ती पहिली डी-४५. दांडीवर मोत्याच्या शिंपल्यात त्याचं नाव आणि अंगाच्या कडांनी ॲबलोनीची झळाळती किनार. १९४२ पर्यंत अशा फक्त ९१ गिटारी झाल्या. आज त्या संग्राहकांचा जीव की प्राण आहेत.

ज्या समुद्राने हे दिलं, तिथे मात्र फार ओरबाडलं गेलं. कॅलिफोर्नियात ॲबलोनीची व्यापारी मासेमारी १९९७ मध्ये बंद करावी लागली. २००१ मध्ये पांढरा ॲबलोनी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. त्या यादीत आलेला तो समुद्रातला पहिला अपृष्ठवंशीय प्राणी. आता अनेक गिटारींवर न्यूझीलंडचा ‘पावा’ नावाचा शिंपला दिसतो, तो याच कुळातला. शिवाय शिंपल्याचे पातळ काप एकावर एक चिकटवून मोठे तक्तेही बनवतात. त्यातून लांब पट्ट्या निघतात, नासाडी कमी होते. काही जाणकार त्याला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. शिंपला तोच आहे, फक्त काटकसरीने वापरलेला.

माझं मत विचाराल तर साऊंडहोलभोवती एक कडं पुरे. बाकीचं अंग लाकडाच्या रेषांना मोकळं सोडावं. आणि कड्यासाठी तुकडे निवडताना एकाच दिव्याखाली प्रत्येक तुकडा फिरवून बघावा. वादक गिटारीकडे वरून, तिरपं पाहतो. त्या कोनातून जी बाजू पेटते, तीच वर ठेवावी.